प्लेगच्या जंतूला साजूक तूप

चॉकलेट अगारमध्ये चॉकलेटचा कणही नसतो. जंतू वाढवण्याच्या माध्यमात घातलेलं मेंढीचं रक्त तापवलं की त्याला चॉकलेटी रंग येतो, म्हणून हे नाव. लहान मुलांना मेंदूज्वर देणारा हिमोफिलस नावाचा जंतू भारी नखरेल. साधं रक्त त्याला चालत नाही, रक्तपेशी फोडून आतला ऐवज बाहेर काढून दिला तरच तो वाढतो. क्षयाच्या जंतूला लागतात अंडी, तीही खरीखुरी कोंबडीची! ती फेटून माध्यमात घालायची आणि इतर जंतूंची घुसखोरी नको म्हणून वर मॅलेकाइट ग्रीन हा हिरवा रंग मिसळायचा. या आवडीनिवडी सांभाळतो तो क्लिनिकल मायक्रोबायोलॉजिस्ट. एमबीबीएसनंतर तीन वर्षं घासून एमडी झालेला हा डॉक्टर पेशंटला सहसा दिसतच नाही. रिपोर्टच्या तळाशी त्याची सही दिसते, तीही कोण बघतो?

चायना ग्रासची कमाल

जंतू ज्या थरावर वाढवतात तो अगार आपल्याकडे पुडिंगपुरता ठाऊक आहे, चायना ग्रास या नावानं. प्रयोगशाळेत तो आला स्वयंपाकघरातूनच. जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याबरोबर काम करणारे वाल्थर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवत. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर तेच फस्त करायचे. १८८१ मध्ये त्यांची पत्नी फॅनी हेसे हिनं सुचवलं, अगार वापरून बघा. जावामध्ये राहून आलेल्या एका डच ओळखीच्या कुटुंबाकडून तिला ही युक्ती कळली होती, आणि तिची जेली उन्हाळ्यातही घट्ट राहायची. कॉख यांनी १८८२ च्या क्षयाच्या शोधनिबंधात अगारचा उल्लेख केला. फॅनीचा नाही. कॉख यांचेच सहायक ज्युलियस पेट्री यांच्या झाकणवाल्या बशीला मात्र आजही जगभर त्यांच्याच नावानं ओळखतात. त्या बशीत पसरलेल्या थराला 'फॅनी' म्हणायला काय हरकत होती?

भायखळ्यातलं तूप

वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे. डॉक्टर नव्हेत, प्राणिशास्त्रज्ञ. मुंबईत प्लेगनं थैमान घातलं तेव्हा, ऑक्टोबर १८९६ मध्ये ते इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जेमतेम जागेत त्यांनी लस बनवायला घेतली. त्यात त्यांनी एक अस्सल देशी जिन्नस वापरला. जंतूंच्या मांसरसावर ते तुपाचे थेंब तरंगत सोडत. प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे रसात लटकत. भांडं हलवलं की सुळके गळून तळाशी, वर पुन्हा नवं पीक. असं पुरेसं पीक साठलं की तापवून जंतू मारायचे, झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण निभावलं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली आणि खापर फुटलं हाफकिन यांच्यावर. ती बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता. हे सिद्ध होऊन ते निर्दोष सुटेपर्यंत १९०७ उजाडलं. दरम्यान परळला हललेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं: हाफकिन इन्स्टिट्यूट.

सुट्टी फळली

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल जठरातल्या एका वेड्यावाकड्या जंतूच्या मागे होते. प्लेटवर काही उगवेना. लॅबच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांनी प्लेटा फेकल्या जात. १९८२ च्या ईस्टरला लागून सुट्ट्या आल्या, प्लेटा इन्क्युबेटरमध्येच राहिल्या आणि पाच दिवसांनी बघतात तो जंतू हजर! अल्सरवाल्यांच्या पोटात सापडणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी तो हाच. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल तो जंतू घोटभर प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. संशोधनात आळसाचं महत्त्व कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

वास घेऊ नका

स्यूडोमोनास या जंतूच्या प्लेटला द्राक्षासारखा गोडसर वास येतो, वर हिरवट झाक. जुन्या पिढीतले मायक्रोबायोलॉजिस्ट झाकण उघडून नुसत्या वासावर जंतू सांगत. आता सक्त मनाई आहे, कारण गुरांकडून माणसात येणारा ब्रुसेला हुंगणाऱ्याच्याच फुप्फुसात शिरतो.

नागपूरजवळचं गाव

१९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू मिळाला. गावाचंच नाव त्याला चिकटलं. वालुमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू बरीच वर्षं किरकोळ समजला जात होता. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्यानं मुलांचे बळी घेतले, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले.

'मग क्लिनिक कुठे?'

नातेवाइकांचा हा प्रश्न प्रत्येक मायक्रोबायोलॉजिस्टनं ऐकलेला असतो. क्लिनिक नसतं, पण कामाला तोटा नाही. कुणी ऑपरेशन थिएटरमध्ये संसर्ग कुठून पसरतोय याचा माग काढतं. कुणी आयसीयूला फोन करून सांगतं, तुमचं महागडं अँटिबायोटिक या जंतूवर चालणार नाही, बदला. मुंबईत तर २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात, कारण लकवा झालेलं एकही मूल नसलं तरी गटार खरं बोलतं. आणि मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबमधल्या विषाणूतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी कोविड चाचणीचा किट तपासणीसाठी सोपवला, तो लेकीच्या जन्माच्या आदल्या दिवशी.

रिपोर्टला दोन दिवस कशाला?

ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, तरी डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका व्हायला रात्र जाते. मग तो नव्या प्लेटवर पसरून वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या, आणखी एक रात्र. सकाळी पट्टी घेऊन चकतीभोवतीची रिकामी जागा मिलिमीटरमध्ये मोजायची. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो, म्हणून अंड्यांवरच्या कल्चरला आठ आठवडे वाट पाहतात. जंतू त्याच्या जनुकांवरून ओळखणारं सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत उत्तर देतं, पण तेही नमुन्याच्या डबीत काय आलंय त्यावर अवलंबून. बेडका मागितला आणि पेशंटनं नुसती थुंकी दिली, तर कल्चरच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या पेशींची गर्दी दिसते आणि डबी शेरा मारून वॉर्डात परत जाते: 'नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा.'