थांबण्याचे बळ

पुण्याच्या वायव्येस पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या परिसरात पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९६६ मध्ये टाटांचा मोटारींचा कारखाना येथे आला. पुढे इंद्रायणीपलीकडे, कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या आसपासही मोठमोठे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांतील यंत्रांचे सुटे भाग, तसेच शेतकऱ्यांचा कांदा आणि भाजीपाला वाहून नेणाऱ्या शेकडो पिकअप गाड्या पुणे-नाशिक रस्त्यावरून रात्रंदिवस धावत असतात.

गाडी किती ओझे ओढते, चढ किती जोराने चढते, याचे सर्वांना कौतुक वाटते. परंतु धावत्या गाडीला योग्य जागी थांबवणे हे तिला धाववण्याइतकेच अवघड काम आहे. मालासह २,५०० किलोग्रॅम वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या ठायी सुमारे ३ लाख ४७ हजार ज्यूल एवढी गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबताच ही ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणामुळे तिचे उष्णतेत रूपांतर होते. ती उष्णता किती असावी? साध्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यास लागते, जवळजवळ तेवढी! वेग निम्मा केला, तर मात्र ही ऊर्जा निम्मी न होता एक चतुर्थांश होते.

घाटात तर ब्रेकची खरी परीक्षा होते. चाकणहून तळेगावमार्गे मुंबईकडे निघालेली गाडी बोरघाट उतरून जाते. खंडाळ्यापासून पायथ्याच्या खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. एवढे अंतर उतरताना गाडीला जी ऊर्जा मिळते, ती तिला ताशी ६० किलोमीटर वेगातून ३५ वेळा थांबवण्याइतकी असते. हा सारा भार एकट्या ब्रेकवर पडला, तर ते अतिशय तापतात आणि त्यांची पकड सैल होऊ लागते. म्हणूनच जाणता चालक उतारावर खालचा गिअर टाकतो व वेग आवरण्याच्या कामी इंजिनाचेही साहाय्य घेतो.

बहुतेक पिकअप गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. या ब्रेकच्या विकासात फ्रान्समधील लुई रेनो यांचे १९०२ सालचे कार्य प्रसिद्ध आहे. चाकाबरोबर फिरणारे बिडाचे गोल, पोकळ भांडे म्हणजे ड्रम. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर नावाचा घर्षण करणारा जाड थर बसवलेला असतो. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम येथे उपयोगी पडतो. नळ्यांतून तो दाब चाकाजवळच्या छोट्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो, त्यातील दट्ट्ये बाहेर सरकतात आणि दोन्ही शू ड्रमच्या आतील अंगावर घट्ट दाबले जातात. पाय उचलताच स्प्रिंगा त्यांना मागे ओढून घेतात.

हे सारे काम झाकलेल्या भांड्यात चालते. त्यामुळे झिजलेला लायनर किंवा पाझरणारे तेल बाहेरून सहसा दिसत नाही. तथापि बिघाड होऊ लागला की गाडी काही खुणा दाखवू लागते. वैद्य नाडी पाहून रोगाचे निदान करतो; तद्वत कुशल कारागीर हातात पाना घेण्यापूर्वी या खुणा पारखतो.

पेडल बरेच खाली जात असेल, परंतु दोन-तीन वेळा दाबल्यावर ते वर येऊन घट्ट होत असेल, तर शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढले असण्याचा संभव असतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा शिरलेली असते. द्रव दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून पायाचे बळ हवा दाबण्यातच वाया जाते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली उतरू लागले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर निकामी झाले आहे, असा तर्क करावा लागतो.

कानाला ऐकू येणाऱ्या आणि हाताला जाणवणाऱ्या खुणाही असतात. लायनर संपून धातूवर धातू घासू लागला की खरखर असा कर्कश आवाज येतो. ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरले, तर ड्रमची गोलाई बिघडली असावी. फेरी संपल्यावर एक ड्रम दुसऱ्याहून फार तापलेला आढळला, तर तेथील शू मागे न सरकता सतत घासत असतो. कधी स्प्रिंग मंदावलेली असते, कधी दट्ट्या अडकलेला असतो, तर कधी हँडब्रेकची तार आखडलेली असते. अशा वेळी ड्रमला हात न लावता जवळ हात नेऊनच धग पाहावी.

चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ दिसणे ही सर्वांत गंभीर खूण होय. हे तेल दोन ठिकाणांहून येऊ शकते. ते पातळ असेल, तर व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत आहे. दाट व उग्र वासाचे असेल, तर आसाचे ऑइल सील फाटून आतील तेल बाहेर येत आहे. दोन्ही प्रकारांत लायनर भिजतो व त्याची पकड जाते. काही चालक ब्रेक ऑइल कमी झाले की वरून भर घालतात आणि काम भागले असे समजतात. वास्तविक हे तेल इंधनासारखे जळून संपत नाही. लायनर झिजत जाईल तशी त्याची पातळी थोडी खाली येते, हे खरे. परंतु ते वारंवार भरावे लागत असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. वरून घातलेली भर रोगाला झाकते, बरे करीत नाही.

निदान झाल्यावर दुरुस्तीला आरंभ होतो. हे काम शिकलेल्या कारागिराचेच आहे. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना लाकडी पाचरी लावतात आणि हँडब्रेक सोडतात. जॅकने मागची बाजू उचलल्यावर आसाखाली भक्कम लोखंडी स्टँड देतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. ड्रम सहज निघत नसेल, तर हातोड्याचे घाव घालण्याऐवजी ॲडजस्टर सैल करून शू आत घेतात.

आत साचलेली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. पूर्वीच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते. इतर भुकटीही श्वासावाटे जाणे हितकर नाही. म्हणून योग्य द्रवाने ओली करूनच ती काढतात.

शू सोडवताना एक साधी युक्ती उपयोगी पडते. आत अनेक स्प्रिंगा व खिट्ट्या असतात आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. म्हणून कारागीर दोन्ही चाके एकदम सोडत नाही. एका चाकाचे काम चालू असताना दुसरे जसेच्या तसे ठेवतो; शंका आली की त्याच्याकडे पाहून जुळणी करतो. बाजू मात्र उजवी-डावी आहे, हे तो विसरत नाही.

यानंतर प्रत्येक भागाची तपासणी होते. लायनरची जाडी उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहतात. ड्रमचा आतील व्यास निरनिराळ्या दिशांनी मोजतात. अनेक ड्रमांवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. त्याहून अधिक झिजलेला ड्रम लेथवर साफ करून पुन्हा वापरणे धोक्याचे असते. व्हील सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून आत ओल आहे का, हे पाहतात. तेलात भिजलेला लायनर वरवर पुसला, तरी त्याच्या रंध्रांत तेल राहतेच. म्हणून तो बदलणे हाच उपाय. परंतु आधी गळती बंद करावी आणि मगच नवे शू बसवावेत, अन्यथा तेही भिजून वाया जातात. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. एक चाक घट्ट व दुसरे सैल धरले गेले, तर भरलेली गाडी ऐन वेळी तिरकी फिरण्याचा धोका असतो.

जुळणीनंतर नळ्यांतील हवा काढतात. या कामाला दोन माणसे लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचे निपल उघडतो. बुडबुड्यांसह तेल बाहेर येते. निपल पुन्हा घट्ट केल्याखेरीज पहिल्याने पाय उचलायचा नसतो. एकाने घाई केली, तर दोघांचेही श्रम फुकट जातात. नवे तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे व बंद डब्यातले हवे. सामान्य ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि घाटात तापल्यावर नळीत वाफ होऊन पेडल रिकामेच खाली जाते.

शेवटी मोकळ्या पटांगणात गाडी मंद वेगाने चालवून ब्रेक पाहतात, हँडब्रेकची परीक्षा घेतात आणि सर्व जोड कोरडे आहेत याची पुन्हा एकदा खात्री करतात. त्यानंतरच तिच्यावर माल चढवला जातो.

एवढे झाल्यावर ड्रम पुन्हा झाकला जातो आणि आतील काम कोणालाही दिसत नाही. लायनर नवा आहे की पुसून बसवलेला, हे मालकाला कळत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला तर कळणे शक्यच नाही. तरीही त्या मुलासमोर गाडी वेळेवर थांबते की नाही, हे त्या झाकलेल्या कामावरच अवलंबून असते. जे काम कोणी तपासणार नाही, तेही चोख करणारा कारागीर अशा अनेक अनोळखी माणसांचे रक्षण करीत असतो.