अंतराळातले घर, अंटार्क्टिकाचा धडा

अंतराळातल्या निवासाची आखणी करताना पहिला हिशेब हवा, पाणी, तापमान आणि किरणोत्सर्ग यांचा होतो. हे चारही जमले तरी ती जागा राहण्याजोगी होतेच असे नाही. हवाबंद डब्यात महिनोन्‌महिने तेच ते चेहरे समोर असले की झोप बिघडते, चिडचिड वाढते, क्षुल्लक कारणावरून अबोला धरला जातो. १९८२ साली बेरेझोवोय आणि लेबेदेव हे दोघे अंतराळवीर साल्युत-७ या सोव्हिएत स्थानकात २११ दिवस राहिले. त्यांच्यातला दुरावा पुढे लेबेदेव यांच्या प्रकाशित रोजनिशीतून जगजाहीर झाला. दोघेही पारखून निवडलेले होते. तेव्हा माणूस नीट निवडला की काम भागले, ही समजूत अपुरी आहे. जागाही नीट आखावी लागते.

आवाजाचेच घ्या. अंतराळस्थानकात पंखे आणि पंप अहोरात्र चालू असतात, कारण ते थांबले तर हवाच खेळत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या इचलकरंजीत यंत्रमागाचा खडखडाट याहून कितीतरी मोठा असतो. पण पाळी संपली की कामगार घरी जातो. अंतराळवीराला पाळी संपल्यावरही कारखान्यातच झोपायचे असते. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात प्रत्येकाच्या झोपण्याच्या खोलीला आवाज शोषणारे अस्तर आहे. ही खोली जेमतेम दोन घनमीटरची. पण तिला दार आहे, आणि ते आतून लावता येते.

भारतापाशी अशा राहणीचा खरा अनुभव जमा झाला आहे तो अंटार्क्टिकात, आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातून. वास्को इथले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिका मोहिमांचे नियोजन करते. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले स्थानक उभे राहिले. नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता याच मोहिमेतून अंटार्क्टिकात गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्या हिवाळ्यात बारा जण तिथेच राहिले. मात्र स्थानक तरत्या हिमस्तरावर होते. साचत्या बर्फाखाली ते गाडले जाऊ लागले आणि १९९० मध्ये ते बंद करावे लागले. तोवर, १९८९ मध्ये, ‘मैत्री’ खडकाळ जमिनीवर, गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी बांधले गेले होते.

२०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ हे त्यापुढचे पाऊल. १३४ मालवाहू कंटेनर एकमेकांना जोडून, त्यांवर उष्णतारोधक कवच चढवून, सगळी इमारत खांबांवर उचलली आहे. वारा खालून निघून जातो आणि बर्फ साचत नाही. आत एका-दोघांसाठी २४ खोल्या, ग्रंथालय, व्यायामशाळा, शस्त्रक्रियेची खोली, आणि बाहेरचे दृश्य दिसेल अशी मोठ्या काचांची बैठक. प्रयोगशाळा व गोदाम तळमजल्यावर, राहणे वरच्या मजल्यावर. कामाची आणि विसाव्याची जागा वेगळी ठेवणे, ही या आराखड्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

इस्रोचा या स्थानकाशी थेट संबंध आहे, कारण उपग्रहांकडून माहिती घेणारे तिचे केंद्र तिथे आहे. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या. तेव्हा त्यांचे वय ५६ होते आणि २३ जणांच्या चमूत त्या एकट्या स्त्री होत्या. इतका काळ कोणताही भारतीय अद्याप अंतराळात राहिलेला नाही.

अर्धा काळ सरला, पण परतीचा दिवस दूर आहे, अशा टप्प्यात मन सर्वाधिक खचते, असा सिद्धांत बेक्टेल आणि बर्निंग या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडला. सगळ्याच चमूंत तो खरा ठरलेला नाही. तरी तो टप्पा गृहीत धरून सणवार आणि जेवणावळी आखणे शहाणपणाचे. अंटार्क्टिकात हिवाळाभर चालू असणारी स्थानके २१ जूनच्या सुमारास मध्य-हिवाळ्याचा सण साजरा करतात.

अंतराळात याच गोष्टी वेगळ्या रूपात आल्या. अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकासाठी रेमंड लोवी या औद्योगिक रचनाकाराने जेवणाच्या खोलीत खिडकी हवीच, असा आग्रह धरला. कवच कमकुवत होईल म्हणून अभियंत्यांचा विरोध होता, तरी खिडकी झाली. तिघांचे टेबलही असे केले की कोणीच ‘मानाच्या’ जागी बसू नये. सोव्हिएत बाजूला गालिना बालाशोवा या वास्तुरचनाकार स्त्रीने मीर स्थानकाला गडद हिरवी जमीन, फिकट भिंती आणि पांढरे छत दिले. वजनहीन अवस्थेत वर-खाली उरत नाही. ते रंगांनी दाखवावे लागते. आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकात दिवसाला सोळा सूर्योदय होतात, म्हणून दिवे सकाळी निळसर आणि झोपेआधी उबदार करता येतात. २०१० मध्ये बसवलेला सात खिडक्यांचा घुमट हा तर अंतराळवीरांचा आवडता कोपरा. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे आमरस आणि गाजराचा हलवा घेऊन गेले, तेही केवळ उष्मांकांसाठी नव्हे.

भारताचे स्वतःचे प्रयोग लडाखमध्ये सुरू झाले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह इथे इस्रो, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई यांनी निवास उभारून पाहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्सो कर खोऱ्यात आठ मीटर व्यासाच्या निवासात दोघे जण दहा दिवस राहिले. सुरुवात म्हणून हे ठीक. पण दहा दिवसांत फार तर गैरसोय कळते, एकटेपणा नाही. पाच भागांचे भारतीय अंतराळस्थानक २०३५ पर्यंत उभारायचे आहे आणि त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचा बेत आहे. दाराची आणि खिडकीची जागा धातू कापण्याआधीच ठरते. त्यासाठी लडाखचा मुक्काम दहा दिवसांवरून वर्षभरावर न्यायला हवा, आणि अंटार्क्टिकात हिवाळे काढलेल्या माणसांना आराखड्याच्या टेबलाशी बसवायला हवे.