गिलानुपट्ठान आणि कर्करोगग्रस्त बालकांची कुटुंबे

विनयपिटकातील महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक प्रसंग आला आहे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. निवासस्थाने पाहत भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, या प्रश्नावर तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी करीत नाही. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्यास मंचकावर निजविले. पुढे संघ जमवून भगवंतांनी भिक्खूंना जाणीव दिली की, आता त्यांस आईबाप उरलेले नाहीत; त्यांनीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे.

या प्रसंगावरील प्रवचनांत भगवंतांच्या करुणेचे वर्णन असते. त्या भिक्खूच्या उत्तराकडे सहसा लक्ष जात नाही. सेवा ही परतफेड मानली, तर ज्याने काही दिले नाही त्याच्याजवळ कोणी थांबत नाही. कर्करोग झालेले मूल आणि त्याचे मजूर आईबाप नेमके या स्थितीत असतात. त्यांच्यासाठी माणसे विनामूल्य का राबतात, हा प्रश्न आम्हांस म्हणूनच धम्माच्या अभ्यासाचा वाटतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बदनापूर हे जालना-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील तालुक्याचे गाव. संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथून सुमारे 40 कि.मी.वर, तर परळचे 1941 साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय सुमारे 400 कि.मी.वर आहे. बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या बालकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. हे अंतर केवळ औषधांचे नाही. निदान उशिरा होते, आणि सुरू झालेले उपचार अर्ध्यावर सुटतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो. परंतु कापूस वेचणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी, मुंबईतील खोलीचे भाडे आणि गावी राहिलेल्या भावंडांचे जेवण यांचा हिशेब त्यात बसत नाही. मूल थोडे हिंडूफिरू लागले की बाप म्हणतो, आता बरे दिसते, पुरे करू. स्वयंसेवकाचे खरे काम तेथे सुरू होते.

गाडगेबाबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. रुग्णाबरोबर आलेल्याने झोपावे कोठे, हा प्रश्न त्यांनी धर्मशाळा बांधून सोडविला. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना निवारा देते. 2006 साली श्यामा व निहाल कविरत्ने यांनी मुंबईत सुरू केलेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत बालकाला व आईबापांना विनामूल्य राहता येते आणि स्वतःचा स्वयंपाक करता येतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलास साधा जंतुसंसर्गही प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे स्वच्छ खोली आणि ताजे अन्न हा उपचाराचाच भाग होय.

सेवेची प्रेरणा पुण्यसंचय असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्याची दुसरी बाजू अशी की, आजारी मुलाच्या आईस शेजारीण विचारते, मागल्या जन्मी काय पाप केले होते? संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतू, विषम आहारविहार, आघात अशी वेदनेची कारणे सांगितली आणि सर्वच सुखदुःख पूर्वकर्माने येते हे मत चुकीचे ठरविले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तोही अशाच अन्यायापोटी. बहुतेक बालकर्करोगांचे निश्चित कारण वैद्यकशास्त्रास सापडलेले नाही. आईबापांच्या वागणुकीवर दोष ठेवण्यास आधार नाही. त्या आईला हे कोणीतरी पोटतिडिकीने सांगणे, ही सेवा उपासक-उपासिकांच्या हातची आहे. विहारात नित्य ऐकलेले एखाद्या घरी खरोखर उपयोगी पडते, हेही स्वयंसेवक होण्याचे एक कारण असावे.

त्याच चीवरक्खन्धकात उत्तम परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्यास औषध देता यावे, हिताहित कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-वांतीची किळस मानू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णास धीर द्यावा. यांतील हिताहिताचा गुण आपल्यात दुबळा आहे, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. जयंतीदिनी रुग्णालयात फळवाटप होते, छायाचित्र निघते. परंतु केमोथेरपी चालू असलेल्या मुलास न धुतलेले वा कापून ठेवलेले फळ बाधू शकते. 14 एप्रिलच्या शिबिरात एकाच दिवशी भरपूर रक्त जमते. प्लेटलेट्स मात्र सुमारे 5 दिवसच टिकतात. मुलास त्या लागतील त्या आठवड्यात येणारा दाता हवा असतो. विहारात दात्यांची गटवार यादी ठेवणे, पुढील तपासणीची तारीख आईबापांस आठवण करून देणे, रेल्वेच्या भाडे-सवलतीचा अर्ज भरून देणे ही कामे छायाचित्रात येत नाहीत. ती करणारा मनुष्य मैत्रीनेच आलेला असतो.

धम्मकथेविषयीही तारतम्य हवे. किसा गोतमीची कथा उपचार चालू असलेल्या मुलाच्या आईस सांगू नये. तिचे मूल जिवंत आहे. त्या कथेत भगवंतांनी गोतमीला उपदेश करण्याआधी मोहरी मागण्यासाठी घरोघर पाठविले. दारोदारी तिला मृत्यू पाहिलेली माणसे भेटली. आजही या कामात सर्वांत टिकून राहतात ते या वाटेने गेलेलेच. कॅनकिड्स ही संस्था 2004 साली उभारणाऱ्या पूनम बगई स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या आहेत. बालपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 2009 साली मुंबईत स्थापन झाला. केस गळालेल्या मुलाची आई त्यांच्यापैकी एखाद्यास समोर पाहते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा औषधाचा नसतो. तुझे केस परत कधी आले, हा असतो.