हगाम्यातील जोड आणि कुस्तीच्या निकालाचे अंदाज

हगामा म्हणजे गावच्या यात्रेनिमित्त भरणारा कुस्त्यांचा आखाडा. हा शब्द अहिल्यानगर (२०२४ पूर्वी अहमदनगर) आणि पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात विशेष रूढ आहे. कोल्हापूर-सांगलीकडे त्याच अर्थाने ‘मैदान’ किंवा ‘फड’, तर नाशिक-खानदेशाकडे ‘दंगल’ असे म्हटले जाते. हगाम्यात कोणत्या मल्लाची कुस्ती कोणाशी लावावी हे ठरविण्याला ‘जोड लावणे’ म्हणतात. कुस्तीच्या निकालाचा अंदाज बांधण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत अवघड रीत होय. पंचांनी दोन्ही मल्लांचे बळ अचूक जोखले असेल, तर प्रेक्षकांना निकाल आधी सांगता येत नाही. हंगामाच्या आरंभी मल्लांविषयी मते कशी बनतात, त्यांवरून कोणते अंदाज केले जातात आणि ते का फसतात, याचा विचार या लेखात मुख्यतः अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

हंगाम

गावोगावच्या कुस्तीचा हंगाम पंचांगावर चालतो. पावसाळा हा तालमीतल्या मेहनतीचा काळ. जोर, बैठका आणि लढती यांनी या महिन्यांत अंग तयार होते. श्रावणातील नागपंचमीला जामखेडसारख्या ठिकाणी आखाडे भरतात, आश्विनात मोहटादेवीची (ता. पाथर्डी) यात्रा येते आणि दिवाळीनंतर कुस्त्यांची संख्या वाढू लागते. चैत्र-वैशाखात गावदेवतांच्या यात्रा दाटीने येतात, निघोज (ता. पारनेर) येथील मळगंगा देवीची यात्रा त्यांपैकी एक. या दोन महिन्यांत एखादा मल्ल आज या गावी तर उद्या त्या गावी असा सलग लढत फिरतो. दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकरी कुटुंबाला वर्षभर पुरवावा लागतो आणि त्या खर्चाचा काही भाग इनामाच्या रकमेतून निघतो. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या चार-दोन कुस्त्यांत मल्लाचे नाव कसे होते, यावर पुढच्या आखाड्यांतील त्याच्या इनामाचा आकडा ठरतो.

हगाम्याची सुरुवात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मग नारळ, मग थोडे पैसे, असे इनाम चढत जाते आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते. हलगी वाजत असते, लोकांचे डोळे शेवटच्या कुस्तीकडे लागलेले असतात. जाणती माणसे मात्र रेवड्यांच्या कुस्त्याही मन लावून पाहतात. पाच-सहा वर्षांनी मोठ्या इनामावर कोण लढणार, याची पहिली चाहूल तिथेच लागते.

जोड लावणे

जोड लावण्यासाठी बहुधा गावातील जुने पैलवान पंच म्हणून उभे राहतात. मल्ल आखाड्याला फेरी मारतात आणि आपल्या वस्तादासह पंचांसमोर येतात. वजनकाटा क्वचितच असतो. सारे काम नजरेचे. मानेची जाडी, खांद्यांची ठेवण, मांड्या आणि पोटऱ्या हे तर पाहिले जातेच, पण सर्वांत आधी नजर जाते ती कानांकडे. वर्षानुवर्षे घासले जाऊन आणि मार बसून मल्लाचे कान सुजतात व पुढे तसेच टणक राहतात. चेहरा कोवळा आणि कान मोडलेले असा पोरगा समोर आला, की अनुभवी पंच सावध होतात. अंगाने तो लहान दिसला तरी त्याने तालमीत बरीच वर्षे काढलेली असतात.

त्यानंतर प्रश्न येतात. तालीम कोणती, वस्ताद कोण, मागच्या यात्रेत कोणाशी लढलास, कुस्ती निकाली झाली की सोडवली? या उत्तरांवर पूर्ण विसंबता येत नाही. आपला पठ्ठा हलका भासवून सोपी जोड मिळविणे हाही वस्तादांचा एक डावच आहे, आणि तो आखाड्यातल्या कुठल्याही डावाइतका जुना असावा. उलट गावकऱ्यांना आपल्या गावचा मल्ल आहे त्याहून भारी वाटतो. एकीकडून बळ झाकले जाते, दुसरीकडून फुगविले जाते आणि पंचांना या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

तोलामोलाच्या जोडीला ‘काटाजोड’ म्हणतात. अशी कुस्ती लागली की आखाडा शांत होतो. विषम जोड लागली तर लोक ओरडतात, कधी मल्लांना वेगळे करून जोड बदलायला लावतात, आणि हा ओरडा योग्यच असतो. पंचांचा अंदाज चुकला तर त्याची किंमत पंचांना मोजावी लागत नाही. ती खाली सापडलेल्या पोराच्या मानेला किंवा गुडघ्याला मोजावी लागते. गुडघा गेला की हंगाम जातो, कधी कधी कुस्तीही जाते.

निकालाचा अंदाज करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मातीवरील परंपरागत कुस्तीत पाठ लावून चितपट केले तरच कुस्ती निकाली ठरते. ठरलेल्या वेळात तसे न झाल्यास ती बरोबरीत सोडवतात किंवा थोडा वेळ वाढवून गुणांवर निकाल देतात. म्हणजे शक्यता दोन नसून तीन असतात. ‘कोण मारणार?’ या प्रश्नाचे ‘सुटणार’ हे उत्तर बरेचदा सर्वांत शहाणपणाचे असते, पण ते फार थोडे लोक देतात.

आरंभीच्या कामगिरीचे मोल

हंगामाच्या पहिल्या आखाड्यांत तीन कुस्त्या सलग जिंकलेल्या मल्लाविषयी चटकन मत बनते. ते बहुधा घाईचे असते. त्याने कोणाला हरविले हा पहिला प्रश्न. दुबळ्या जोडी मिळालेल्या मल्लाच्या विजयांचा आकडा मोठा दिसतो. दुसरा प्रश्न दमाचा. पहिल्याच मिनिटात घिस्सा मारून प्रतिस्पर्ध्याला लोळविणाऱ्याचा दम दहाव्या मिनिटाला किती उरतो, हे त्या कुस्तीतून कळतच नाही. पावसाळ्यात वाढलेले वजन हे कमावलेले अंग आहे की नुसता भार, हेही लांबलेल्या कुस्तीतच दिसते. एका हुकमी डावावर जिंकणाऱ्या मल्लाची गोष्ट निराळी. आता प्रत्येक आखाड्यातील कुस्त्या भ्रमणध्वनीवर चित्रित होतात आणि दुसऱ्या तालमीत पाहिल्या जातात. आश्विनात ज्या ढाकेने चार कुस्त्या मारल्या, त्या ढाकेची तोड चैत्रापर्यंत चार तालमींत घोटलेली असते.

मग आरंभीच्या कुस्त्यांतून विश्वासाने काय सांगता येते? जाणकार निकालापेक्षा खडाखडीकडे पाहतात. हात पकडताना कोण पुढे सरकतो, कोणाची मान वारंवार खाली ओढली जाते, खाली गेल्यावर मल्ल किती लवकर उठून उभा राहतो, या गोष्टी एका दिवसाच्या नशिबाने बदलत नाहीत. या दृष्टीने हरलेली किंवा सुटलेली कुस्ती जिंकलेल्या कुस्तीपेक्षा पुष्कळदा जास्त सांगून जाते. भारी मल्लाखाली पंधरा मिनिटे घालवूनही पाठ न लागू देणारा पोरगा त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी गेला, तरी पंचांच्या ध्यानात राहतो.

ही अडचण एकट्या कुस्तीची नाही. अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. (हा फुटबॉल लंबगोल चेंडूचा, आपला फुटबॉल नव्हे.) तेथे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांच्या मतांवरून संघांची साप्ताहिक क्रमवारी लावते आणि १९५० पासून तर एकही सामना होण्याआधीची क्रमवारी प्रसिद्ध करते. वरच्या श्रेणीत शंभराहून अधिक संघ असतात, पण एक संघ नियमित हंगामात साधारण बाराच सामने खेळतो आणि दरवर्षी जुने खेळाडू शिक्षण संपवून बाहेर पडतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सामन्यांवरून केलेले भाकीत तिथेही वारंवार फसते. बुद्धिबळात हाच प्रश्न आर्पाड एलो यांनी गणिताने सोडविला. जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या पद्धतीत प्रत्येक डावानंतर खेळाडूचे गुणांकन बदलते आणि दोघांच्या गुणांकनातील फरकावरून निकालाची शक्यता काढता येते. २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला सरासरीने १०० पैकी सुमारे ७६ गुण अपेक्षित असतात.

हगाम्यांसाठी असे गणित मांडणे आज कठीण आहे, कारण त्यांच्या निकालांची एकत्रित नोंद होत नाही. उरते ती यात्रेची पत्रके आणि माणसांची आठवण. आठवणीत गाजलेल्या आणि अनपेक्षित कुस्त्या टिकतात, साध्या विसरल्या जातात. शिवाय कुस्ती झाल्यावर ‘मी आधीच म्हणालो होतो’ असे सांगणारे पारावर पुष्कळ भेटतात. आधी लिहून ठेवलेला अंदाज दाखविणारा विरळा.

माती आणि गादी

हगामा मातीवर होतो, स्पर्धेची कुस्ती बहुतांशी गादीवर. मऊ मातीत पाय रुततो, चपळाई थोडी कमी पडते, ताकद आणि दम यांना महत्त्व येते. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांची मोजणी आणि रिंगणाबाहेर गेल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. त्यामुळे यात्रांत नाव कमावलेला मल्ल गादीवर पहिल्या फेरीत बाद झाला, तर त्यात नवल नसते. याचे जगप्रसिद्ध उदाहरण गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांचे. १९१० मध्ये लंडनला गादीवर झिबिस्को बराच काळ पालथा पडून राहिला आणि दोन तासांहून अधिक चाललेली कुस्ती बरोबरीत राहिली. १९२८ मध्ये पतियाळा येथे मातीवर गामाने त्यालाच एका मिनिटाच्या आत चीत केले. अर्थात मधल्या अठरा वर्षांचाही त्यात वाटा आहे, तो विसरू नये.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या वतीने १९६१ मध्ये हा किताब सुरू झाला. पहिला मानकरी दिनकर दह्यारी. किताबाच्या गटात ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल लढतात आणि माती विभागाचा विजेता गादी विभागाच्या विजेत्याशी अंतिम कुस्ती खेळतो. एकाच गटात ३९ किलोंपर्यंतचा फरक असल्याने येथे अंदाज करणे विशेष जोखमीचे असते. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत अभिजीत कटके आणि बाला रफिक शेख हे आधीच्या दोन वर्षांचे विजेते असूनही दोघांपैकी कोणीच अंतिम फेरीत पोहोचला नाही. मूळचा अकोले तालुक्यातील आणि नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर लातूरच्या शैलेश शेळके याला गुणांच्या निसटत्या फरकाने हरवून महाराष्ट्र केसरी झाला. दोघेही काका पवार यांच्या पुण्यातील तालमीचे. एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेल्या दोघांची ती खरी काटाजोड होती.

नुरा कुस्ती

निकाल आधीच ठरवून केलेल्या लटक्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. राजकारणाच्या भाषेतही हा शब्द रुळला आहे. अशा कुस्तीत अंदाजाला अर्थ उरत नाही, आणि आरंभीच्या आखाड्यातील एखादी नुरा पुढील साऱ्या जोडी बिघडवू शकते, कारण पंच तिच्या निकालावर विसंबून इनाम ठरवतात. खोट्या खडाखडीत डोके मानेला लागते पण जोर लागत नाही. जुने पैलवान हे लांबूनही ओळखतात. निकालावर पैसे लावणे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. इनाम ही निराळी गोष्ट आहे. ते यात्रा समिती किंवा देणगीदार जाहीरपणे देतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील २०२५ च्या दोन स्पर्धा

राज्यात कुस्तीच्या दोन संघटना वेगवेगळ्या स्पर्धा भरवू लागल्यापासून मल्लांची तुलना आणखी अवघड झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव (जि. पुणे) येथील अंतिम कुस्तीत सिकंदर शेखने शिवराज राक्षे याला हरविले, त्याच महिन्यात धाराशिव येथील दुसऱ्या स्पर्धेत राक्षे याने सदगीरवर मात करून किताब मिळविला. एका आठवड्याच्या निकालावरून पुढच्या आठवड्याचे भाकीत करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

२०२५ मध्ये हा प्रकार अहिल्यानगर जिल्ह्यात घडला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाची ६७वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगर शहरातील वाडिया पार्क मैदानावर झाली. २ फेब्रुवारी रोजी गादी विभागात पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते असे राक्षे याचे म्हणणे होते. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचांचा निर्णय अमान्य करून वेळ संपण्यापूर्वीच आखाड्याबाहेर गेला आणि मोहोळ विजयी ठरला. राक्षे व गायकवाड यांच्यावर ३ वर्षांची बंदी घालण्यात आली. जोड, दम, डाव यांचा कितीही बारकाईने विचार केलेला असला, तरी खांदा टेकला की नाही हे पंचाच्या एका नजरेवर ठरते आणि ही नजर कोणत्याही अंदाजात धरता येत नाही.

दोन महिन्यांच्या आतच, मार्चअखेर, महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच जिल्ह्यातील कर्जत येथे झाली. तिच्या अंतिम कुस्तीत सोलापूरच्या वेताळ शेळके याने पृथ्वीराज पाटील याचा पराभव केला. दोन्ही स्पर्धांच्या अंतिम कुस्त्या पूर्णपणे वेगळ्या मल्लांत झाल्यामुळे दोन किताबांचे मोल त्यांवरून ताडून पाहता येत नाही. ‘यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण?’ असे विचारणाऱ्याला त्या वर्षी आधी ‘वाडिया पार्कचा की कर्जतचा?’ असे विचारावे लागत होते.