शर्यत चालू असताना पिस्तूल खाली ठेवायचे कसे?

अहिल्यानगरकरांना तोफगोळ्यांचा आवाज नवा नाही. 'आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल' आणि 'मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर' या लष्कराच्या दोन मोठ्या प्रशिक्षण संस्था या शहरात आहेत. 'के. के. रेंज' या नावाने ओळखले जाणारे रणगाड्यांच्या सरावाचे क्षेत्र नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांच्या शिवेवर पसरलेले आहे. सरावाच्या दिवशी धोक्याच्या हद्दीत कोणी जाऊ नये, गुरे सोडू नयेत, हे आसपासच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साहजिकच धोका असतो तो गोळी सुटताना, अशी सामान्य माणसाची समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. गोळीबार चालू असताना शस्त्र कोणाच्या तरी हातात असते, त्याची नजर समोर असते आणि मागे देखरेख करणारा उभा असतो. शस्त्र हातातून सुटून कोठेतरी ठेवले जाते, तो क्षण त्याहून नाजूक असतो. नेमबाजीच्या एका क्रीडाप्रकारात हा क्षण प्रत्येक फेरीत, तोही धावतपळत आणि घड्याळ चालू असताना येतो.

मराठीत 'शस्त्र खाली ठेवणे' म्हणजे शरणागती पत्करणे. 'मल्टिगन' स्पर्धेत मात्र शस्त्र खाली ठेवल्यावर लढत थांबत नाही, उलट वेग घेते. गतिमान नेमबाजीची जागतिक संघटना असलेल्या 'इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन'ची स्थापना १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया येथे झाली. त्यानंतर काही वर्षांतच त्या देशात एकाच डावात पिस्तूल, शॉटगन आणि रायफल अशी तीन शस्त्रे वापरण्याच्या स्पर्धा रुजल्या. डावाच्या आखलेल्या मैदानाला 'स्टेज' म्हणतात. स्पर्धकाने पिस्तुलाने जवळची लक्ष्ये टिपायची, ते ठरलेल्या जागी ठेवायचे, पुढे धावत जाऊन टेबलावरची शॉटगन उचलायची, पोलादी पट्ट्या पाडायच्या आणि शेवटी रायफलने दूरची लक्ष्ये गाठायची, असा साधारण क्रम. लागलेला वेळ आणि चुकांचा दंड यांच्या बेरजेवर क्रमांक ठरतो. अशा वेळी शस्त्र नीट ठेवण्यात गेलेला अर्धा सेकंदही स्पर्धकाला खटकतो. सारी मेख तेथेच आहे.

पिस्तूल हातात असते तोवर त्याला दोन राखणदार असतात. एक म्हणजे चापाबाहेर सरळ ठेवलेले बोट आणि दुसरा म्हणजे नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरणारे मनगट. हात सुटला की हे दोघेही एकदम नाहीसे होतात. मग भरवसा उरतो तो शस्त्राच्या आतील यंत्रणेवर आणि ते जेथे ठेवले त्या जागेवर. शिवाय स्पर्धक पुढे निघून जातो, पिस्तूल मागे राहते आणि त्याच्या आसपास पंच व गुणलेखक वावरत असतात. म्हणून या स्पर्धांचे नियम तीन गोष्टी बारकाईने पाहतात: पिस्तूल कोणत्या अवस्थेत सोडले, त्याचे तोंड कोठे आहे आणि ते ठेवलेल्या जागी स्थिर राहील काय.

अवस्था साधारणतः दोनच मान्य असतात. पिस्तूल पूर्ण रिकामे असावे किंवा भरलेले असल्यास त्याची सेफ्टी पूर्णपणे लावलेली असावी. सेफ्टी अर्धवट वर ढकलली गेली, तर ती लावली असे धरत नाहीत. 'मी लावली होती' या सांगण्याला येथे किंमत नसते. पंच जाऊन पाहतो तेव्हा खटका जेथे असेल तेच खरे. भरलेले पिस्तूल सेफ्टीविना सोडल्यास गुण कापण्याचा प्रश्नच येत नाही. स्पर्धक संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. हजारो रुपयांची काडतुसे आणि महिनोन्‌महिन्यांचा सराव अंगठ्याच्या एका विसरण्याने वाया गेल्याची उदाहरणे या खेळात नित्याची आहेत.

यावर, नेहमी रिकामेच करून ठेवावे, म्हणजे वाद नाही, असे कोणी म्हणेल. ते तितके सोपे नाही. पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर टाकायचे. घाईत हा क्रम उलटला, तर स्लाइड ओढताच जुने काडतूस बाहेर पडते खरे, पण मॅगझिनमधले नवे चेंबरमध्ये शिरते. नुसते मॅगझिन काढून समाधान मानणारा तर त्याहून मोठ्या भ्रमात असतो, कारण चेंबरमधील एक गोळी तशीच राहते. जगभर 'रिकाम्या' समजल्या गेलेल्या पिस्तुलांनी घडवलेल्या अपघातांचे हे ठरलेले कारण आहे. म्हणून अनुभवी नेमबाज वेगळीच युक्ती योजतात. ते गोळ्यांचा हिशेब असा मांडतात की शेवटच्या लक्ष्यावर शेवटची गोळी जावी. मॅगझिन संपले की बहुतेक पिस्तुलांची स्लाइड आपोआप मागे अडकून राहते आणि उघडे, रिकामे चेंबर दुरूनही दिसते. तेथे खटका लावण्याची गरज नाही आणि वाद घालायलाही जागा नाही.

सर्व पिस्तुलांना बाहेरून खटका असतो असेही नाही. ग्लॉकसारख्या पिस्तुलांत अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते. त्यांच्या तीन सुरक्षायंत्रणा आत दडलेल्या असून चाप दाबताना त्या आपोआप उघडतात आणि सोडताच पुन्हा बंद होतात. खाली पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी ही रचना उत्तम, पण चापात एखादा पट्टा किंवा पेटीची कड अडकली तर ती काय करणार? चाप कोणी ओढला हे यंत्राला कळत नाही. त्यामुळे बाहेरची सेफ्टी नसलेली पिस्तुले रिकामी करूनच ठेवावीत, असा दंडक अनेक स्पर्धांत असतो. आणखी एक अडचण आहे ती स्पर्धेसाठी हलक्या केलेल्या चापांची. ग्लॉकचा नेहमीचा चाप ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. स्पर्धेच्या पिस्तुलांत तो एक किलोच्या आसपास उतरवलेला असतो.

आतील यंत्रणेवर किती विसंबावे याचा धडा २०१७ मध्ये मिळाला. अमेरिकी लष्कराने त्या वर्षी जानेवारीत 'सिग सॉअर पी ३२०' या पिस्तुलावर आधारलेले नवे पिस्तूल निवडले. पुढे काही महिन्यांतच, बाजारात विकले गेलेले 'पी ३२०' विशिष्ट तिरक्या कोनात मागच्या बाजूवर आपटल्यास त्यातून गोळी सुटू शकते, असे चाचण्यांत दिसून आले. कारण साधे भौतिकशास्त्राचे होते. पिस्तूल जमिनीवर थांबते, पण जड चाप आपल्याच गतीने मागे जात राहतो, जणू कोणी बोटाने ओढावा तसा. कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये हलका चाप व इतर बदल बसवून देण्याची योजना जाहीर केली. नेहमीच्या चाचण्यांत हा दोष दिसला नव्हता. तो ठराविक कोनातच प्रकट होत होता.

त्यामुळे जागेची निवड महत्त्वाची ठरते. पिस्तुलासाठी स्टेजवर आतून गालिचा किंवा फोम लावलेली पेटी ठेवतात, लांब बंदुकांसाठी पिंप किंवा रुंद नळकांडे असते. पेटीचे तोंड अशा कोनात असते की पिस्तुलाची नळी आपोआप मातीच्या बांधाकडे राहावी. आपल्याकडे ज्याला चांदमारी म्हणतात, तिच्या टेकाडासारखाच हा बांध. पिस्तूल पेटीत ठेवायचे असते, फेकायचे नसते. फेकल्यास ते उसळून बाहेर पडते, उलटे फिरते किंवा उघडी स्लाइड धक्क्याने मिटते. पेटी उथळ असेल किंवा तीत आधीच एक शस्त्र असेल, तर दुसरे त्यावर आदळून चाप ओढला जाण्याची भीती असते. स्टेज आखणाऱ्याचे खरे कसब तर पुढच्या वाटेत दिसते. पिस्तूल ठेवून धावणारा स्पर्धक त्याच पिस्तुलाच्या नळीसमोरून जाणार असेल, तर ती आखणीच चुकली. अशी स्टेज कितीही रंजक असो, तिला मान्यता मिळता कामा नये.

पेटीऐवजी कमरेच्या म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, पिस्तूल परत का ठेवू नये, असा प्रश्न कोणी विचारील. तलवार म्यान करणे आणि पिस्तूल म्यान करणे यांत फरक आहे. धापा टाकत, नजर पुढच्या बंदुकीवर ठेवून पिस्तूल खोचताना सदऱ्याचे टोक चापात अडकू शकते, आणि मग नळीच्या रेषेत स्पर्धकाचीच मांडी असते.

केवळ पिस्तुलाच्या स्पर्धांतही मध्येच शस्त्र खाली ठेवण्याची वेळ येते. दार उघडायचे असते, एखादी वस्तू हलवायची असते. कॉन्फेडरेशनचे नियम याला परवानगी देतात, पण अटींसह. पिस्तूल स्थिर पृष्ठभागावर घट्ट टेकेपर्यंत त्यावरचा हात सुटता कामा नये. स्पर्धकाने त्यापासून एक मीटरपेक्षा दूर जाऊ नये. नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच असावे आणि पिस्तुलाची सेफ्टी त्याच्या प्रकारानुसार लावलेली असावी. हाताचा स्पर्श शेवटपर्यंत टिकला तर ते 'ठेवणे', त्याआधी सुटला तर 'पडणे'. आणि डाव चालू असताना पिस्तूल पडले, मग ते रिकामे का असेना, तर स्पर्धक बाद. पडलेले पिस्तूल त्याने उचलायचेही नसते. ते पंच उचलतो, तपासतो, रिकामे करतो आणि मगच परत देतो. हा नियम कठोर वाटतो खरा, पण त्यामागे माणसाच्या स्वभावाची नेमकी जाण आहे. निसटणारी वस्तू झेलण्यासाठी हात आपोआप झेपावतो, बोटे मिळेल तेथे पकड घेतात आणि ती बहुधा चापावर पडतात. पडू द्यावे, झेलू नये, हे प्रशिक्षणात आवर्जून बजावतात ते याचसाठी.

ही सावधगिरी केवळ खेळाडूंपुरती नाही, हे मुंबईतील एका घटनेने दाखवून दिले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळी लागली. कोलकात्याला निघण्यापूर्वी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडले आणि गोळी सुटली, असे त्यांच्या व्यवस्थापकांनी तेव्हा सांगितले. शस्त्रक्रियेने गोळी काढण्यात आली आणि काही दिवसांनी ते घरी परतले. भांडण नाही, नेम नाही, चाप ओढण्याचा इरादा नाही. शस्त्र फक्त जागेवर ठेवायचे होते. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा काडतुसाच्या अगदी मागे टेकलेला असतो आणि त्यावर आघात झाला तर तो थेट काडतुसापर्यंत पोहोचतो. म्हणूनच पूर्वीचे जाणकार घोड्याखालील खाना रिकामा ठेवीत. नंतरच्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर घालण्यात आला.

तीन शस्त्रांचा हा खेळ भारतात सर्वसामान्यांमध्ये फोफावलेला नाही, त्यामागे कायद्याचा मोठा वाटा आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल आणि स्वयंभारित रायफल ही दोन्ही सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली, खेळाडूंसाठी मात्र वेगळ्या सवलती आहेत. पिस्तूल खाली ठेवण्याची शिस्त मात्र येथेही तितकीच कडक आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले, त्यात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. मारा संपल्यावर रेषेवरून दूर होण्यापूर्वी मॅगझिन बाहेर, स्लाइड उघडी, चेंबरमध्ये भडक नारिंगी सुरक्षा-ध्वज आणि तोंड लक्ष्याकडे, अशा स्थितीतच पिस्तूल टेबलावर विसावते. रेषेच्या पुढे कोणी गेले असेल, तर त्याला हातही लावायचा नाही. महाविद्यालयात एनसीसीत .२२ रायफल चालवलेल्या वाचकांना 'खाली कर' आणि 'जाँच शस्त्र' हे हुकूम आठवत असतील. त्यांचा हेतू हाच.

आधुनिक पेंटॅथलॉनने यावर निराळाच तोडगा काढला. त्यात खेळाडू आळीपाळीने धावतो आणि नेम धरतो, म्हणजे पिस्तूल टेबलावर ठेवून पळत सुटणे आलेच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून तेथे छऱ्याऐवजी लेझर किरण आहे. खाली ठेवण्याचा धोका संपवण्यासाठी गोळीच काढून टाकली.

मल्टिगनमध्ये ते शक्य नसल्याने तेथे दोन पंच लागतात. एक घड्याळ घेऊन स्पर्धकामागे धावतो, दुसरा पेटीपाशी थांबतो. स्पर्धक पुढे गेला की तो नळीसमोर न येता वाकतो, आधी खटका पाहतो, मग मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढतो आणि चेंबरमध्ये नजर टाकतो. अंधूक उजेडात नुसत्या नजरेवर न थांबता करंगळीने चाचपूनही पाहतो. तिकडे शेवटची रायफल थांबेपर्यंत इकडचा निकाल लागलेला असतो.