घडीचा सडपातळ मोबाइल आणि धुळीची परीक्षा

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या अलीकडे वसलेल्या या गावात कुंकू तयार करणे हा अनेकांचा चरितार्थ आहे. जेथे वस्त्रगाळ पुडीचाच व्यवसाय, तेथे ती हातांना, कपड्यांना आणि अर्थातच खिशातल्या मोबाइललाही लागणारच. मिटून ठेवता येणारा सडपातळ मोबाइल अशा हवेत टिकेल काय, हा प्रश्न केवळ केमपुरता नाही. यंत्रमागाचे तंतू, गिरणीतले पीठ आणि शहरांतील बांधकामांची धूळ यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर या मोबाइलच्या बांधणीत दडलेले आहे.

शिंपल्यासारखा उघडणारा पहिला मोबाइल, मोटोरोला कंपनीचा स्टारटॅक, १९९६ साली बाजारात आला. मात्र घडीचा मोबाइल कमालीचा पातळही असू शकतो, हे सिद्ध केले त्याच कंपनीच्या २००४ मधील रेझर व्ही-३ ने. मिटलेल्या अवस्थेत १३.९ मिलिमीटर जाडी आणि अवघे ९५ ग्रॅम वजन! पुढे या मोबाइलची विक्री १३ कोटींच्या घरात गेली.

ही जाडी कशी साधली? त्या काळी मोबाइलमध्ये बॅटरी आणि सर्किटचा बोर्ड एकावर एक रचण्याची पद्धत होती. रॉजर जेलिको यांच्या अभियंत्यांच्या चमूने ते शेजारी-शेजारी बसवले. साहजिकच मोबाइल रुंद झाला. हातात नीट बसायचा तर मोबाइल ४९ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा, असे कंपनीतील तज्ज्ञांचे मत होते. चमूने नमुने हाताळून पाहिले आणि ५३ मिलिमीटरवर समाधान मानले. बटणांची जाडी वाचवण्यासाठी सुट्या बटणांऐवजी धातूचा एकच पातळ पत्रा रसायनाने कोरून वापरण्यात आला.

पातळ प्लॅस्टिक वाकते, म्हणून आवरण अ‍ॅल्युमिनियमचे केले. पण धातू रेडिओलहरी अडवतो. त्यामुळे अँटेना खालच्या टोकाला, बोलण्याच्या जागेपाशी, प्लॅस्टिकच्या भागात बसवली. या मोबाइलची ती सुप्रसिद्ध ‘हनुवटी’ निव्वळ शोभेची नव्हती. बाकीचा देह पातळ ठेवण्याची ती किंमत होती.

घडीच्या मोबाइलचे खरे मर्म मात्र बिजागरीत असते. तिच्या आत स्प्रिंग आणि खाचा असलेले दट्टे असतात. झाकण ठरावीक कोनापुढे गेले की स्प्रिंग उरलेले काम करते आणि तो परिचित ‘टक्’ आवाज येतो. जुन्या मोबाइलमध्ये याच बिजागरीतून दोन भागांना जोडणारी लवचिक वायरपट्टी जात असे. रोजच्या उघडझापीने पट्टीतील तारा तुटल्या की झाकण एका कोनात धरल्यावरच पडदा दिसे. हे दुखणे तेव्हाच्या अनेकांना आठवत असेल. तरीही एक गोष्ट जमेची होती. पडदा स्वतः ताठ होता आणि बिजागरीपासून दूर होता. तेथे धूळ शिरली तर झाकण कुरकुरे, पण पडद्याला धक्का पोहोचत नसे.

आजच्या घडीच्या मोबाइलमध्ये हे गणित पालटले आहे, कारण येथे पडदाच दुमडतो. सॅमसंगचा २०२५ मधील गॅलेक्सी झेड फ्लिप-७ मिटल्यावर १३.७ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे जवळजवळ रेझर व्ही-३ एवढाच. वजन मात्र १८८ ग्रॅम, म्हणजे सुमारे दुप्पट. त्याचा पडदा बिजागरीच्या अगदी अंगावरून वळतो. बिजागरी फिरण्यासाठी थोडी फट ठेवावीच लागते आणि त्या फटीतून गेलेला कण पडद्याच्या पाठीमागे अडकला की त्याला आतून टोचू लागतो. २०१९ साली पहिल्या गॅलेक्सी फोल्डचे काही नमुने परीक्षणासाठी दिले असता बिघडले. विक्री एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये सुरू झाली, तेव्हा बिजागरीच्या टोकांना संरक्षक टोप्या बसवण्यात आल्या होत्या. २०२० च्या पहिल्या झेड फ्लिपमध्ये तर बिजागरीत बारीक तंतूंचा ब्रश घालण्यात आला.

पाण्याचा बंदोबस्त तुलनेने लवकर झाला, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. पण पाणी बिजागरीत शिरले तरी वाहून आणि वाळून जाते. आतील नाजूक सर्किट स्वतंत्रपणे बंद केले की काम भागते. धूळ मात्र आत जाऊन बसते. म्हणूनच २०२१ च्या झेड फ्लिप-३ वर ‘आयपीएक्स ८’ अशी खूण होती. त्यातील आठ हा आकडा पाण्याचा, तर ‘एक्स’ म्हणजे धुळीबाबत कोणताही दावा नाही. झेड फ्लिप-६ आणि ७ यांना ‘आयपी ४८’ हे मानांकन मिळाले. येथे ग्राहकाने सावध असावे. पहिला आकडा चार याचा अर्थ एक मिलिमीटरहून मोठे कण आत जाणार नाहीत, एवढाच. केमचे कुंकू त्याहून कितीतरी बारीक असते. अशा पुडीपासून हे मानांकन कोणतेही अभय देत नाही. धुळीस पूर्ण मज्जाव म्हणजे सहा. घडीच्या मोबाइलमध्ये तो आकडा २०२५ साली गुगलच्या पिक्सेल-१० प्रो फोल्डने ‘आयपी ६८’ मानांकनासह गाठला. पण तो पुस्तकासारखा उघडणारा, आकाराने मोठा मोबाइल आहे.

तात्पर्य, मोबाइलची जाडी दुकानात डोळ्यांना दिसते, टिकाऊपणा दिसत नाही. लाखाच्या घरातील वस्तू घेताना ती मिटवून कडेने फट पाहावी, अर्धवट उघडून बिजागरी सैल नाही ना याची खात्री करावी आणि आयपीनंतरचा पहिला आकडा आवर्जून वाचावा. ज्यांच्या कामातच पूड, पीठ वा माती आहे, त्यांनी तो सहा नसेल तर साध्या, न दुमडणाऱ्या पडद्याचाच मोबाइल घेणे शहाणपणाचे. कामाच्या वेळी बंद पडणारा मोबाइल कितीही देखणा असला, तरी त्याचा उपयोग काय?