लोणारच्या सरोवराचें छायाचित्र

रत्नागिरीकडे घरें ज्या जांभ्या दगडाचीं बांधतात, तो दगड काळ्या कातळाच्या झिजेपासून झालेला आहे; आणि तो काळा कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनभर पसरून थिजलेला शिलारस होय. ते ज्वालामुखी केव्हांच विझले. राजापूर व उन्हवरे येथील ऊन पाण्याचे झरे पाहून भूमीखालीं अद्याप ज्वालामुखी धुमसत असावा असें पुष्कळांस वाटतें. परंतु भेगांवाटे खोल गेलेलें पाणी भूगर्भाच्या उष्णतेनें तापून वर येतें, एवढेंच त्याचें कारण.

याच कातळांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली, आणि पुढें दीर्घकाळ तें विझलेल्या ज्वालामुखीचें मुख मानलें गेलें. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें मात्र तेथील खडकांत प्रचंड आघातानेंच होणारी कांच दाखविली, आणि सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा उल्कापाताचा ठरला.

श्रोत्यांपैकीं जे कॅमेरा घेऊन तेथें जातील, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. नुसतें पाणी टिपलें तर तें कोणतेंही तळें दिसेल; कांठाची कडा, आंतला उतार व पाणी हीं तिन्ही एका चित्रांत आलीं पाहिजेत. माध्यान्हीं उतार सपाट भासतात. सकाळीं पश्चिमेचा व तिसऱ्या प्रहरीं पूर्वेचा उतार उजळतो, आणि कलत्या प्रकाशांत छाया पडून खोली कळते. कांठावरील एखादें झाड चित्रांत घेतल्यास आकाराचें माप मिळतें.

रंगाविषयीं विशेष दक्षता हवी. २०२० च्या जूनमध्यें येथील पाणी गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें तपासलें, तेव्हां पाणी आटून खारटपणा वाढल्यानें फोफावलेले सूक्ष्मजीव हें कारण निघालें. त्या दिवसांतील चित्रांचें मोल मोठें आहे. पण ज्यांत रंग मागाहून गडद केला, तीं अभ्यासाला निरुपयोगी होत. आजच्या फोनमध्यें तर एका बोटानें रंग चढवितां येतो. म्हणून मूळ चित्र जपावें, त्यावर दिनांक व जागा नोंदवावी, आणि पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याअखेरीस त्याच जागेवरून पुन्हा चित्र काढावें. पाणी किती चढलें वा उतरलें हें अशा जोडचित्रांवरून कळतें.

लोणारविषयींची रूढ समजूत पुराव्यानें बदलली. छायाचित्र हाही पुरावाच. त्यांत पदरची भर घालणें म्हणजे पुढील पिढीच्या अभ्यासकापुढें खोटी साक्ष देणें होय.